भीतीचाही हिशेब द्यावा : मराठवाड्याच्या आठही पालकमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली.

विषय : येत्या १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात एक परिच्छेद वाढवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. धाराशिव आणि बीड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका तालुक्याच्या गावी मी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ चालवतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, पीक विम्याचा अर्ज, फार्मर आयडी, अनुदानाची ई-केवायसी असे जे जे शासनाने ऑनलाइन केले आणि लोकांना जमले नाही, ते सगळे माझ्या टेबलावर येते. हे पत्र खरे तर एकाच पालकमंत्र्यांना लिहायचे होते. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की त्यातले एकही वाक्य एकाच जिल्ह्यापुरते खरे नाही, म्हणून वर आठही नावे घातली. आपण कोणत्या पक्षाचे आहात याने मजकुरात फरक पडत नाही.

२०२५ चा सप्टेंबर आपल्याला आठवत असेल. २ तारखेला हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींवरून मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याविषयीचा शासन निर्णय निघाला आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी यांच्या पुराने उभे सोयाबीन तर नेलेच, पण कित्येकांच्या शेतातली मातीही खरडून नेली. माझ्याकडे तेव्हा सकाळी आठपासून रांग लागत असे. काही जण कुणबी नोंद कशी शोधायची हे विचारायला येत, काही जण आपल्या ओबीसी दाखल्याचे आता काय होणार हे विचारायला येत, आणि दोघांच्याही पिशवीत सातबारा, पासबुक आणि नुकसानीचे फोटो असत. एके दिवशी एका गृहस्थांनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “आपल्या लेकरांचं आता काही खरं नाही म्हणायलेत. वाचा की जरा.” संदेश लांबलचक होता. पाच वर्षांत तुमच्या गावात तुमचा सरपंच राहणार नाही, तुमचे एकही पोरगे नोकरीला लागणार नाही, तुमचे ‘अस्तीत्व’ मिटणार आहे, तेव्हा जागे व्हा आणि हे किमान दहा ग्रुपवर टाका. अर्ध्या तासाने दुसऱ्या समाजाच्या एका गृहस्थांनी आपला मोबाईल दाखवला. तोच सरपंच, तीच पाच वर्षे, तेच दहा ग्रुप. जातींची नावे तेवढी इकडची तिकडे केलेली होती. आणि ‘अस्तीत्व’ या शब्दातला ‘ती’ दोन्हीकडे दीर्घच होता.

अर्ज भरण्याचा धंदा करणाऱ्याला साचा ओळखू येतो. एकाच नमुन्यावर नाव बदलून काढलेले दोन कागद मी रोज पाहतो. तो मजकूर कोणी लिहिला हे मला ठाऊक नाही, आणि पुराव्याशिवाय मी कोणावर आळ घेणार नाही. दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून नेमकी तीच चूक केली, असेही होऊ शकते. तरीही त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली. रांगेत पुढेमागे उभ्या असलेल्या त्या दोघांना एकमेकांची जी भीती वाटत होती, ती त्यांच्या गावात उगवलेली नव्हती, बाहेरून आणून पेरलेली होती.

महोदय, राजकारणातली भीती हे एक भाकीत असते. अमुक निवडून आले तर तमुक होईल, असे आपण सांगता. भाकिताला मुदत असते आणि मुदत संपली की ते खरे ठरले की खोटे हे तपासता येते. पंचांगकर्त्याचा पावसाचा अंदाज चुकला तर आमच्याकडचा शेतकरी पारावर बसून त्याची टिंगल करतो, हवामान खात्यालाही सोडत नाही. मग राजकारण्याचे भाकीत चुकले तर कोणीच काही का विचारत नाही? २०२४ च्या लोकसभेला एका बाजूने सांगितले की संविधान बदलले जाईल, दुसऱ्या बाजूने सांगितले की मंगळसूत्रसुद्धा राहणार नाही. सहा महिन्यांत विधानसभा आली आणि एकत्र राहिलो नाही तर कापले जाऊ, असेही ऐकायला मिळाले. यातली एखादी भीती रास्तही असेल. सगळ्याच भीती खोट्या असतात असा माझा दावा नाही, आणि म्हणूनच तर हिशेब हवा. निकालानंतर जुन्या भीतीची चौकशी होत नाही, तिच्या जागी नवी येते.

एका भीतीचा हिशेब मात्र मला मांडता येतो, कारण त्याचा कागद माझ्या घरच्या भिंतीवर लावलेला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. त्या वेळी मोबाईल तर सोडाच, बहुतेक गावांत फोनही नव्हता. तरी एक वाक्य गावोगाव पोचले होते : नाव बदलले की डिग्रीची किंमत जाईल, आपल्या पोरांना कोणी नोकरीला उभे करणार नाही. पुढे सोळा वर्षे वाट पाहावी लागली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मी त्यानंतर चार वर्षांनी बी. कॉम. झालो. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचे नाव आहे. ज्यांच्या घरी त्या नावाला कडाडून विरोध होता, त्यांच्याही मुलांच्या प्रमाणपत्रांवर तेच आहे, आणि ती प्रमाणपत्रे स्कॅन करून देताना मला आजवर एकानेही सांगितले नाही की या नावामुळे त्याचे काही अडले. म्हणजे ते भाकीत साफ खोटे ठरले. पण ज्यांनी ते गावोगाव पोचवले, त्यांच्यापैकी कोणी जाहीरपणे “आमचे चुकले” असे म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. जळालेल्या घरांची भरपाई काय मिळाली असेल ती असेल, त्या वाक्याची मात्र कोणीच दिली नाही.

खरे भय कसे असते हे माझ्या आजोबांनी पाहिले होते. १९४८ साली निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या धाकाने आमचे घर बैलगाडीत बसून रातोरात शीव ओलांडून बार्शीकडे गेले आणि पोलीस ॲक्शननंतरच परतले. आजोबा त्याविषयी फार कमी बोलत. विचारले तर गाडीचा एक बैल वाटेत कसा बसला, तेवढेच सांगत. शेजारच्या मुसलमान कुटुंबाविषयी त्यांनी ‘रझाकार’ हा शब्द कधी वापरलेला मी ऐकला नाही. आता दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतरच्या भाषणांत आणि त्याहून अधिक त्या दिवशीच्या स्टेटसवर कोणाला ना कोणाला रझाकार ठरवले जाते. कधी विरोधी पक्षाला, कधी एखाद्या मोहल्ल्याला, कधी स्वतःच्याच पक्षातून फुटून गेलेल्याला. आजोबा असते तर काय म्हणाले असते हे मी सांगणार नाही, कारण ते बहुधा काहीच बोलले नसते.

दुसरे खरे भय २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरने अनुभवले. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. हा आकडा मला आजही पाठ आहे, कारण तेव्हा तो सगळ्यांनाच पाठ झाला होता. किती वाघिणी आल्या, किती येणार, आपल्या भागात टँकर कधी, याचीच चर्चा चाले. त्या भीतीला आकडा होता म्हणून ती सोसता आली. पेरलेल्या भीतीला कधीच आकडा नसतो, हे आपल्या लक्षात आले असेलच.

आता ऑनलाइन वादांतल्या दुटप्पीपणाविषयी. नोव्हेंबर २०१९, जून २०२२ आणि जुलै २०२३ या सत्तांतराच्या आणि पक्षफुटीच्या तीन महिन्यांत या राज्यातली मैत्री आणि वैर इतक्या वेळा उलटेपालटे झाले की चार वर्षांपूर्वी काय लिहिले होते ते आता वाचायला नको म्हणून किती जणांनी जुन्या पोस्ट पुसल्या असतील, याची गणतीच नको. मोठ्या लोकांना ते पुसता आले. आमच्या गावातली दोन पोरे मात्र आपापल्या साहेबांसाठी एकमेकांच्या आईबहिणींवरून कमेंट करत राहिली. त्यातून हाणामारी झाली, पोलीस केस झाली, एकाने दुसऱ्याच्या बहिणीच्या लग्नाला पाऊल ठेवले नाही. आज ते दोन्ही साहेब एका मंचावर हार घेतात. पोरे अजून तारखांना जातात. इंटरनेट बंद करण्याचा निर्णयही असाच आहे. विरोधात असताना ती हुकूमशाही असते आणि खुर्चीत बसल्यावर तीच कायदा व सुव्यवस्था होते. वाक्य तेच राहते, म्हणणारा बदलतो.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली, लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. त्या आठवड्यात शिवेपलीकडच्या गावांतले काही जण शिवेच्या अलीकडे रेंज मिळेल म्हणून माझ्याकडे ई-केवायसीसाठी आले. अंगठा यंत्रावर ठेवता ठेवता त्यांनी मला ज्या बातम्या सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या खोट्या होत्या. नेट बंद होते तरी अफवा चहाच्या टपरीवरून व्यवस्थित चालत होती. बंद पडले होते ते फक्त खरे काय ते तपासण्याचे साधन. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले आहे की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत असू शकत नाहीत. बीडमधल्या इंटरनेट बंदीचा आदेश पाहायला कुठे मिळेल असे मी एका कार्यालयात विचारले. तुम्हाला कशाला हवा, असा प्रतिप्रश्न आला.

यात मी स्वतः धुतल्या तांदळासारखा आहे असे समजू नये. त्याच काळात पेटलेल्या एका बसचा व्हिडिओ मी “आपल्या जवळच घडले” अशी ओळ जोडून तीन ग्रुपवर टाकला होता. तो दुसऱ्याच राज्यातला आणि जुना निघाला. मी तो पुसला. पण “मी टाकलेले खोटे होते” असे त्या तिन्ही ग्रुपवर लिहायला माझा हात धजला नाही. पुसणे सोपे असते, कबूल करणे अवघड, आणि हे फक्त मंत्र्यांनाच लागू होते असे नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला एवढे तरी करता आले. आपल्या पक्षांना तेवढेही सुचलेले नाही.

आपण म्हणाल, कायदा आहे, तक्रार करा. कायदा आहे, पण त्याची चाल मला माहीत आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतला धर्माच्या नावावरचा प्रचार सर्वोच्च न्यायालयाने अखेर १९९५ मध्ये गैर ठरवला, म्हणजे आठ वर्षांनी. दुसऱ्या टोकाला, आक्षेपार्ह स्टेटस ठेवले म्हणून एकोणीस वर्षांच्या पोरावर संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल होतो आणि तो मजकूर ज्याने पगार घेऊन तयार केला, त्याचे नाव कुठेच येत नाही. म्हणून मी आपल्याकडे पोलीस मागत नाही. मला परिच्छेद हवा आहे.

१७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या मुख्यालयी पालकमंत्री झेंडा फडकवतात आणि भाषण करतात. भाषण आपले कार्यालय लिहिते, त्यात सिंचनाचे, रस्त्यांचे, अनुदानाचे आकडे असतात. त्यातच एक परिच्छेद असा असावा : मागच्या दोन निवडणुकांत मी किंवा माझ्या पक्षाने लोकांना ज्या गोष्टींची भीती घातली होती, त्यांपैकी अमुक घडले, अमुक घडले नाही. दुसऱ्या पक्षांचे सांगू नये, ते त्यांचे सांगतील. जे घडले नाही ते ज्या पेजवर आणि ज्या ग्रुपवर टाकले होते तिथेच, पुसून न टाकता, खाली लिहावे. आपले समाजमाध्यमांचे काम पाहणाऱ्यांपैकी पगारी कोण आणि हौशी कोण, हेही एकदा जाहीर झाले तर आमच्या पोरांना निदान कळेल की समोरचा शिव्या देणारा नोकरी करतो आहे.

आणि एक आकडा. आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात, तेव्हा तो आपल्याला मागवता येईल. जिल्ह्यात शासनाच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांच्या मंजूर जागा किती, रिकाम्या किती, आणि यंदा त्यांपैकी भरल्या जाणार किती. माझ्याकडे दाखल्यासाठी येणारा, मग तो कोणत्याही समाजाचा असो, पावती घेताना एकच प्रश्न विचारतो, “साहेब, याच्यावर नोकरी लागंल का?” मला उत्तर देता येत नाही. जागाच नसतील तर कोणी कोणाच्या ताटातले ओढले हा वाद रिकाम्या ताटावरचा आहे, आणि जागा असतील तर त्या रिकाम्या का आहेत हे विचारायला ही दोन्ही माणसे माझ्या रांगेतून थेट आपल्या दारात येतील. कदाचित म्हणूनच हा आकडा भाषणात येत नसावा. हा माझा अंदाज आहे, चुकीचा असेल तर आपण दुरुस्त करावा.

पत्राची एक प्रत टपालाने पाठवत आहे. आवक क्रमांकाची पोच मिळाली तर आभारी राहीन. १७ तारखेला सकाळी भाषण ऐकण्यासाठी मी केंद्र बंद ठेवणार आहे. अकरानंतर मात्र उघडावे लागेल, कारण अनुदानाच्या ई-केवायसीची रांग सुट्टीच्या दिवशीही असते.

आपला,
एक केंद्रचालक