देवी अंगात येते, पण पोरीच्याच वेळी का?

संपादक साहेब, नमस्कार.
आमच्या खानापूर भागात एका ओळखीच्या घरात आईच्या अंगात येतंय, मंगळवार-शुक्रवार गर्दी असते, त्याबद्दल माझं काय म्हणणं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मावर आमचीबी श्रद्धा आहे, पौर्णिमेला आम्हीबी जातो. पण पोरगी चोवीस वर्षांची, बीकॉम झालेली, बँकेच्या परीक्षेचं हॉल तिकीट आलं तर आईनं ते देव्हाऱ्यात भंडाऱ्याच्या डबीखाली ठेवलं आणि देवीचा कौल नाही म्हणून सांगितलं, स्थळ आलं तरी तेच, आणि उंबरा ओलांडलीस तर रक्त ओकून मरशील असं वर. एवढी शिकलेली पोर, ती खरंच घाबरते हो. देवी बरी नेमकी पोरगी बेळगावला जायचं म्हटली की घुमायला लागते!

महाराष्ट्रात २०१३ ला आणि आपल्या कर्नाटकात २०१७ ला जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, पण तो भोंदूबाबासाठी असंच सगळे समजतात, आईवर कोण कंप्लेंट देणार? पोरीला १८१ ही बायकांसाठीची हेल्पलाइन सांगितली तर म्हणते, फोन आईकडंच असतोय. तुमच्या पेपरात कन्नड-मराठी दोन्हीकडचे अंगणवाडी ताई, आशा ताई यांना घरात जाऊन बोलायला सांगा, त्यांना दार उघडतात.

एक वाचक, खानापूर