नोकरी लागली, पुढे काय? दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : खासगी आस्थापनांतील दिव्यांग कर्मचाऱ्यांना नेमणुकीनंतर मिळावयाच्या साहाय्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

दिव्यांग व्यक्तींना नोकरीसाठी तयार करणे, त्यांच्यासाठी काम शोधणे आणि मिळालेले काम टिकावे म्हणून त्यांच्या पाठीशी राहणे, अशी तीन कामे आमची छोटी संस्था पुण्यात गेली काही वर्षे करते आहे. पहिल्या दोन कामांना कुठून ना कुठून थोडीफार मदत मिळते. तिसऱ्याला कुठूनच मिळत नाही, आणि आमच्या मुलामुलींच्या नोकऱ्या सुटतात त्या याच टप्प्यावर, बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांच्या आत.

भोसरीतल्या एका लघुउद्योगात आमचा एक तरुण पॅकिंगला आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. पहिल्या आठवड्यात सुपरवायझरची एकच तक्रार होती : एका खोक्यात 24 नग भरायचे, तर हा कधी 22 भरतो आणि कधी 26. दुसऱ्या कुठल्या मुलाच्या बाबतीत गोष्ट इथेच संपली असती आणि शनिवारी ‘उद्यापासून पाठवू नका’ असा निरोप आला असता. आमच्या जॉब कोच ताई, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम बसवून देणाऱ्या प्रशिक्षक, मात्र तीन दिवस त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. तो नीट मोजत होता, पण मध्येच कोणी हाक मारली की आकडा विसरत होता आणि विचारायला संकोचत होता. ताईंनी सुताराकडून 24 खळग्यांचा एक लाकडी ट्रे करून घेतला. खळगे भरले की नग खोक्यात ठेवायचे, बस. मोजण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि पंधरा दिवसांत त्याच टेबलावर काम करणाऱ्या इतर दोघींनीही आपल्यासाठी तसेच ट्रे मागून घेतले. ट्रेचा खर्च काही शे रुपयांचा होता. खरा खर्च ताईंच्या त्या तीन दिवसांचा आणि पुढे सहा महिने दर आठवड्याला मारलेल्या फेऱ्यांचा होता, आणि तो आम्ही देणग्यांतून भागवला.

कामात आणि कामाच्या जागेत गरजेप्रमाणे असे बदल करून देणे हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने मान्य केलेला हक्क आहे. त्यात कोणाच्या दयेचा प्रश्न येत नाही. परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक नाकारल्या गेलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्या सोयीसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही, असेही बजावले. प्रश्न उरतो तो एवढाच की कारखान्याच्या टेबलापाशी उभे राहून नेमका कोणता बदल हवा हे ओळखायचे कोणी आणि त्या व्यक्तीचा पगार द्यायचा कोणी.

सरकारी सेवेतील 4 टक्के आरक्षणाबद्दल मी इथे विस्ताराने लिहीत नाही. बिंदुनामावली (आरक्षित जागांचा क्रमतक्ता), पदसुनिश्चिती (दिव्यांगांसाठी योग्य पदे ठरवणे) आणि अनुशेष (न भरलेल्या आरक्षित जागा) यांसाठी अनेक संघटना नेटाने लढत आहेत आणि त्यांच्या मागण्यांना आमचा पाठिंबा आहे. मात्र या चार टक्क्यांतला शेवटचा एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी मिळून आहे, आणि त्यांतल्या बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या आमच्या मुलांना स्पर्धा परीक्षेची भिंतच ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी भोसरी-चाकणचे कारखाने आणि हिंजवडी-खराडीतल्या कंपन्या हाच व्यवहारातला रस्ता आहे. 2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 15 वर्षांवरील दिव्यांग व्यक्तींपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे 24 टक्क्यांच्याही आत होते. बाकीच्यांपैकी कितीतरी जण एकदा नोकरी सोडावी लागल्यावर घरी बसले, ते पुन्हा बाहेर पडलेच नाहीत. अशा घरांमध्ये आम्ही दर महिन्याला जातो.

रुजू झाल्यावर अन्याय कसा होतो याचेही एक उदाहरण सांगते. चाकणच्या बाजूच्या एका कंपनीत आमची एक कर्णबधिर मुलगी सुट्या भागांच्या तपासणीवर आहे. तिच्या हातून सदोष नग सहसा सुटत नाही, असे तिचे लाइन लीडर स्वतः सांगतात. तिच्याबरोबर लागलेल्या मुली केव्हाच कायम झाल्या. ही तिसऱ्या वर्षीही ‘ट्रेनी’ म्हणून विद्यावेतनावर आहे. चौकशी केली तेव्हा कळले की कायम करण्यासाठीची मुलाखत फोनवर होती. तिच्या मोबाइलवर दोनदा रिंग वाजली आणि कागदावर ‘उमेदवाराचा प्रतिसाद नाही’ असा शेरा पडला. एक मेसेज पाठवावा, हे त्या कार्यालयातल्या कोणालाही सुचले नाही. त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही, पण तिचे दोन वर्षांच्या पगारातले नुकसान खरे आहे आणि ते भरून द्यायला आज कोणी बांधील नाही.

असे होऊ नये यासाठी कायद्यात तरतूद आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे आणि त्याची प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवायची आहे. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी कोणती पदे दिव्यांगांसाठी योग्य आहेत, निवड कशी होईल, प्रशिक्षण आणि बढतीत काय सोयी मिळतील आणि हे पाहणारा संपर्क अधिकारी कोण, हे त्या धोरणात लिहायचे आहे. मी स्वतः कंपन्यांच्या एचआर विभागांत हे धोरण मागते. एका ठिकाणी मला महिलांच्या लैंगिक छळ प्रतिबंधक समितीचे पत्रक हातात ठेवण्यात आले, कारण दिव्यांगांसाठी वेगळे काही असते हे तिथे ठाऊकच नव्हते. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे. तिथे नोंदवलेली धोरणे संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतील अशी ठेवली, तर कोणी नोंदवले आणि कोणी नाही हे आपोआप उघड होईल, आणि यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही.

निधी लागेल तो जॉब कोचसाठी. खासगी मालकांच्या मनुष्यबळात किमान 5 टक्के लक्षणीय (म्हणजे 40 टक्के किंवा अधिक) दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती असाव्यात म्हणून शासनाने आपल्या आर्थिक कुवतीनुसार प्रोत्साहन द्यावे, असे अधिनियमाचे कलम 35 सांगते. हे प्रोत्साहन करसवलतीपेक्षा किंवा पुरस्कारापेक्षा माणसाच्या रूपाने द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे : प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यामागे सहा महिने एक प्रशिक्षित जॉब कोच, ज्याचे मानधन शासन देईल. त्याबदल्यात मालकाने त्या कर्मचाऱ्याला त्याच कामावरच्या इतरांइतका पगार द्यावा आणि ‘ट्रेनी’ म्हणून ठेवण्याची मुदत सर्वांना सारखीच असावी. छोट्या कारखानदारांशी बोलून मी हे लिहिते आहे. त्यांना पैशांची फारशी अपेक्षा नाही. अडचण आली तर फोन कोणाला करायचा, एवढेच ते विचारतात.

माणसे शोधायलाही दूर जावे लागणार नाही. खडकीचे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून जायबंदी सैनिकांना नवा व्यवसाय शिकवते आहे. पुण्यातली ‘कामायनी’ ही संस्था 1964 पासून बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना शिकवते आहे. राज्यभरच्या विशेष शाळांत आणि कर्मशाळांत अनुभवी शिक्षक व निदेशक आहेत. मूल अठरा वर्षांचे झाले की शाळेतून कर्मशाळेत जाते आणि पुष्कळदा तिथेच चाळिशी गाठते. मेणबत्त्या, पणत्या आणि कागदी पिशव्या करण्याच्या कामाला मी अजिबात कमी लेखत नाही, पण ज्या मुलाला कारखान्यात जाता येईल त्याला केवळ सोबतीला कोणी नाही म्हणून तिथे बसवून ठेवणे योग्य नाही. अनुदानित कर्मशाळेतल्या निदेशकाने आपल्या विद्यार्थ्याबरोबर कारखान्यात घालवलेला दिवस कामाचाच दिवस धरला जाईल, असा शासन निर्णय निघाला, तरी उद्यापासून सुरुवात करता येईल.

आणखी एक छोटी विनंती. दिव्यांगत्वाच्या बोगस प्रमाणपत्रांची पडताळणी झालीच पाहिजे. त्यांचा सर्वांत मोठा फटका खऱ्या दिव्यांगांनाच बसतो. फक्त फेरतपासणीची शिबिरे रविवारी ठेवावीत, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होणार नाही.

डिसेंबर 2022 मध्ये या राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला तेव्हा आमच्याकडच्या पालकांनी पेढे वाटले होते. येत्या 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, जॉब कोच योजनेची किमान पुणे जिल्ह्यापुरती घोषणा व्हावी, असे त्यांच्या वतीने मागते. त्याआधी पुण्यात येणे झाले तर कृपया अर्धा तास राखून ठेवावा. भोसरीच्या मालकांनी होकार दिला आहे आणि सकाळची पाळी तीनपर्यंत असते. त्या टेबलापाशी उभे राहून आपण त्या तरुणाशी स्वतः बोलावे, अशी इच्छा आहे.

आपली विश्वासू,
कार्यवाह, दिव्यांग रोजगारासाठी काम करणारी एक संस्था
पुणे