चि. मृण्मयीस : शस्त्रक्रिया की किरणोपचार

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फुफ्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपेक्षा किरणोपचार बरे, असे सुचवणारा तू पाठवलेला अभ्यास मी नीट वाचला. या वयात माझ्या छातीला सुरी लागू नये, या तळमळीने तू तो पाठवलास हे मला कळते. तरीही माझा कल शस्त्रक्रियेकडेच आहे आणि त्यामागची कारणे फोनवर धड सांगून होत नाहीत, म्हणून हे पत्र.

२०१५ सालच्या त्या अहवालात तीन वर्षांनंतर किरणोपचार घेतलेले ९५ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेले ७९ टक्के रुग्ण हयात होते, हे खरे. पण रुग्ण होते अवघे ५८, तेही पुरेसे रुग्ण मिळेनात म्हणून मध्येच थांबवाव्या लागलेल्या दोन चाचण्यांतून एकत्र केलेले. किरणोपचाराच्या गटातील ३१ जणांपैकी एक दगावला, शस्त्रक्रियेच्या गटातील २७ जणांपैकी सहा. तीन-चार माणसांच्या बाबतीत वेगळे घडले असते, तर सारे चित्रच पालटले असते. पुढे २०२१ मध्ये आणखी ८० रुग्णांचे निष्कर्ष आले; तीन वर्षांनंतर ९१ टक्के हयात होते आणि शस्त्रक्रियेच्या तुलनेत किरणोपचार कमी पडले नाहीत. मात्र तेथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. शस्त्रक्रिया झालेल्या मिळत्याजुळत्या रुग्णांच्या नोंदींशी तुलना केलेली होती. त्यातून आशा वाढते, निवाडा होत नाही.

उलट बाजूनेही अशीच फसगत होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात तीन बैठकांत किरणांची ५४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) मात्रा दिल्यावर तीन वर्षांपर्यंत जवळजवळ ९८ टक्के रुग्णांची मूळ गाठ आटोक्यात राहिली, पण हयात होते सुमारे ५६ टक्केच. याचा दोष किरणांना देणे अन्यायाचे ठरेल, कारण हृदय किंवा फुफ्फुसे शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नाहीत अशाच रुग्णांना त्यात घेतले होते आणि त्यांतील अनेक जण इतर विकारांनी गेले. आपल्या नानांना जिना चढतानाही धाप लागत असे. त्यांच्यासाठी किरणोपचारच योग्य होते, असे मी आजही म्हणेन.

माझी गोष्ट वेगळी आहे. परवा श्वासाची तपासणी झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोरची मुलगी ‘अजून, अजून, सोडू नका’ म्हणत राहिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण अहवाल चांगला आला. गाठ पावणेदोन सेंटिमीटरची, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात, कडेला आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींसाठी अख्खा खंड न काढता त्याचा एक भागच काढला तरी चालते, असे जपानमधील २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसले. पाच वर्षांनंतर अख्खा खंड काढलेल्यांपैकी ९१ टक्के आणि भागच काढलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्ण हयात होते.

माझ्या मनाने सर्वांत जास्त घेतले आहे ते लसिकाग्रंथींचे, म्हणजे कर्करोग बहुधा आधी जिथे पसरतो त्या छोट्या ग्रंथींचे. पेट स्कॅनमध्ये (कर्करोग कुठे पसरला आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत) त्या स्वच्छ दिसल्या, पण सूक्ष्म प्रसार स्कॅनला दिसत नाही. शस्त्रक्रियेत त्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात आणि आजार तिथवर पोहोचलेला निघाला, तर पुढची औषधे त्याप्रमाणे ठरतात. किरणोपचारांत गाठ जळते, ग्रंथींचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी भूल, छातीतली नळी आणि महिनाभराचा अशक्तपणा सोसायची माझी तयारी आहे. जिवाला धोका थोडा का होईना आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही.

तरीही तारीख पक्की करण्याआधी किरणोपचाराच्या डॉक्टरांचे म्हणणे ऐकणार आहे. श्वासासोबत माझी गाठ किती हलते, ती बरगडीला किती लगत आहे आणि नंतर फुफ्फुसाला सूज येण्याची शक्यता किती, हे त्यांना विचारायचे आहे. सर्जनना कोणकोणत्या ठिकाणच्या ग्रंथी काढणार, हे विचारायचे आहे. गुरुवारी सकाळी अकराला दोघांचीही भेट ठरली आहे. त्या वेळी फोनवर हजर राहा आणि तुझे प्रश्न बुधवारपर्यंत लिहून पाठव.

तुझे
बाबा