अजून दोन वर्षं

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून लिहितेय. दूरचे कार्बन तारे शोधायच्या आमच्या प्रकल्पाची मुदत वाढली आणि मी हो म्हटलंय. सहीही झाली. दादाच्या वेळी झालं तसं होणार नाही, मी परत येणार आहे.

बाबा, तुम्ही विचाराल, एवढं काय अडलंय? कार्बन ताऱ्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त असतो. त्याचे रेणू निळा प्रकाश गिळतात, म्हणून तारा लाल दिसतो आणि वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या त्याच्या प्रकाशात, ठळक पट्टे उमटतात. ओळख तशी सोपी. पण असा अंधूक तारा तीन लाख प्रकाशवर्षांवरचा राक्षसी, म्हणजे फुगलेला प्रचंड तारा आहे, की जवळपासचाच खुजा, म्हणजे छोटा तारा? १९७७ साली जी ७७-६१ हा खुजा कार्बन तारा ओळखला गेला, तोवर सगळे राक्षसीच समजले जायचे. खुज्याचा कार्बन स्वतःचा नसतो. जोडीदार तारा सरता सरता तो देऊन गेलेला असतो. (आई, डोळे पूस. तारे आहेत ते.) जवळचा तारा वर्षागणिक थोडा सरकलेला दिसतो, त्यामुळे ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांवरून बरेच खुजे गाळता येतात. फार अंधूक असले की तीही डगमगतात, मग एकेकाचा वर्णपट घेत बसायचं. शेवटी हाती लागतात मोजकेच राक्षसी, आकाशगंगेच्या प्रभामंडळाच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या विरळ ताऱ्यांच्या वेढ्याच्या, पार कडेचे. त्यातले बरेच धनू खुज्या दीर्घिकेतून, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या तारासमूहातून, ओढले गेलेले. त्यांच्या वेगांवरूनच आपल्या आकाशगंगेचं, न दिसणाऱ्या पदार्थासकट, वजन काढता येतं. हे अर्धवट टाकून यायला मन होत नाही. तुम्हाला टाकून राहायलाही होत नाही, पण ते दोन वर्षांचंच आहे.

खोली उबदार आहे. रात्री जागते तेवढी दिवसा जाड पडदे ओढून झोपते, जेवण वेळेवर होतं. आई, तुझं बोट धरल्याशिवाय रात्री पाणी प्यायला न उठणारी मी आता कुणी दिवा लावला की ओरडते!

आता ऐका. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काहीही काढायचं नाही, ती पेटीसुद्धा नाही. आई, मोतीबिंदूचं मी येईपर्यंत थांबवू नकोस. तारीख घे, त्या आठवड्यात मी येते. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या, पैसे पाठवलेत, ते साठवून ठेवू नका. आणि काकूंना एवढ्यात काही बोलू नका, मीच सांगेन.

तुमची,
धाकटी