गुडघ्यावर न बसणारा गुडघ्याचा गार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकी चालवणाऱ्या स्त्रियांना अंगाला नीट बसेल अशी संरक्षक पँट, म्हणजे दुकानात जिला ‘रायडिंग पँट’ म्हणतात ती, पुण्यासारख्या शहरात मिळू नये, याविषयी आपल्या सदरातून लिहावे असे गेले वर्षभर मनात होते. हेल्मेटच्या सक्तीवरून या शहराने इतकी वर्षे इतक्या हिरिरीने वाद घातला आहे की कमरेखालच्या संरक्षणाचा विषय काढणाऱ्याकडे लोक जरा चमत्कारिक नजरेने पाहतात, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिते, कारण माझी तक्रार पँट न घालणाऱ्यांबद्दल नसून, पैसे मोजून ती घालू पाहणाऱ्यांच्या वाट्याला काय येते याबद्दल आहे.

मी कोथरूडला राहते. वयाची सत्तेचाळीस वर्षे पूर्ण झाली आहेत. नोकरीनिमित्त रोज हडपसरपर्यंत साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलवर जाते-येते आणि सुटीच्या दिवशी पानशेत, भोर किंवा ताम्हिणीकडे फेरी मारते. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातल्या एका वळणावर, डोंगरावरून वाहून आलेल्या मातीवर माझे पुढचे चाक घसरले. वेग तीसच्या आसपास असेल. अंगावर जॅकेट, हातमोजे, बूट आणि नऊ हजार रुपयांची रायडिंग पँट, असा सगळा जामानिमा होता. पँट कुठे फाटली नाही, साधा टाकाही उसवला नाही. मात्र तिच्यातला गुडघ्याचा गार्ड, म्हणजे आघात झेलण्यासाठी आत बसवलेली जाड गादी, त्या क्षणी माझ्या नडगीवर होता आणि गुडघ्याची वाटी थेट डांबरावर आपटली. वाटीला तडा गेला आणि सहा आठवडे पाय सरळ बांधून घरी बसावे लागले. ‘गुडघ्याला गार्ड घातला नव्हता का?’ असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ‘घातला होता, पण तो गुडघ्यावर नव्हता,’ हे उत्तर देताना माझे मलाच हसू आले.

हे कसे घडते ते थोडे सविस्तर सांगते, कारण विक्रेत्यांनाही ते पुरेसे उमगलेले दिसत नाही. दुकानातली बहुतेक पँट पुरुषाच्या मापावर बेतलेली असते, आणि त्या बेतात कंबर आणि नितंब यांच्या घेरात फरक थोडा धरलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तो फरक बराच मोठा असतो. त्यामुळे पँट नितंबांच्या मापाने घ्यावी लागते आणि मग कमरेला चार-चार बोटे सैल होते. सैल कंबर चालताना खाली घसरते, कंबर घसरली की मांडी घसरते आणि मांडीबरोबर आत शिवलेला गुडघ्याचा कप्पा दोन-तीन इंच खाली येऊन नडगीवर विसावतो. खुब्याच्या हाडावर बसायचा गार्डही तसाच सरकून मांडीच्या मध्यावर येतो. उलट, कंबरेच्या मापाने पँट घेतली तर ती मांडीत इतकी आवळते की गाडीवर बसून पाय पायटावर ठेवताच कापड वर ओढले जाते आणि गार्ड वाटीच्या वर चढून बसतो. त्यात आसन, म्हणजे कमरेपासून दोन्ही पायांच्या सांध्यापर्यंतचा भाग, पाठीमागे आखूड असेल तर हँडलकडे किंचित वाकले तरी पाठीचा खालचा भाग उघडा पडतो. आपल्या आज्या-पणज्यांची नऊवारी कासोटा घालून नेसली की मांडी घालून बसा, शेतात वाका किंवा घोड्यावर बसा, जागची हलत नसे. शिवण नसलेल्या कापडाला जे साधत होते ते आठ-दहा हजारांच्या शिवलेल्या कापडाला साधू नये, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

युरोपात मोटारसायकलच्या कपड्यांसाठी ‘ईएन १७०९२’ हे मानक २०२० साली आले. त्यात ‘एएए’, ‘एए’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे वर्ग आहेत. खुबा आणि गुडघा हे भाग पडताना सर्वांत आधी जमिनीला लागतात म्हणून त्यांना सर्वाधिक घर्षण सोसणाऱ्या पहिल्या विभागात धरले जाते, आणि त्या विभागाची कापड घासण्याची चाचणी ‘एएए’साठी ताशी १२०, ‘एए’साठी ७० आणि ‘ए’साठी ४५ किलोमीटर वेगाशी जुळेल अशी घेतात. ‘बी’ वर्गातले कापड ‘ए’सारखेच असते, पण त्यात गार्ड नसतात. गार्डसाठी ‘ईएन १६२१-१’ हे वेगळे मानक आहे. त्यात ५० ज्यूलचा आघात देऊन पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. पहिल्या पातळीच्या गार्डमधून ते सरासरी ३५ किलोन्यूटनहून आणि दुसऱ्या पातळीच्या गार्डमधून २० किलोन्यूटनहून अधिक जाता कामा नये. गार्डवर ‘टी’ या अक्षरापुढे अधिकचे चिन्ह छापलेले असेल तर तो ४० अंश सेल्सिअसलाही तपासलेला असतो. हे चिन्ह पुणेकरांनी जरूर शोधावे, कारण मऊ गार्डचे काही प्रकार उन्हात आणखी मऊ पडतात आणि आपला एप्रिल महिना त्या आकड्यापर्यंत सहज जातो.

हे सगळे आकडे मी अपघातानंतर, पाय उशीवर ठेवून बसलेली असताना समजून घेतले. त्यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसली, की २० किलोन्यूटनचा तो हिशोब गार्डच्या बरोबर मागे हाड असेल तेव्हाचा आहे. माझ्या पँटमधला गार्ड दुसऱ्या पातळीचा, उत्तम होता. नडगीचे रक्षण त्याने चोख केले असते.

आपल्याकडे हेल्मेटला भारतीय मानक चिन्हाची सक्ती १ जून २०२१ पासून आहे. पँटला तशी सक्ती नाही, आणि ती लगेच आणावी असे माझे म्हणणेही नाही. शहरात रोज ‘एएए’ची जाड पँट घालून फिरा असे कोणी सांगितले तर मी ते ऐकणार नाही. मे महिन्यात लक्ष्मी रस्त्याच्या सिग्नलला उभे राहून पाहिलेल्या कोणालाही त्याचे कारण सांगावे लागू नये. जाड म्हणून घरच्या खुंटीवर टांगलेल्या पँटपेक्षा जाळीच्या कापडाची, ‘ए’ किंवा ‘एए’ वर्गाची, अंगावर असलेली पँट केव्हाही बरी. पण साध्या जीन्सवर विसंबून राहणेही खरे नव्हे. डांबरावर घासली गेली की ती क्षणार्धात जाते आणि मग कातडीची पाळी येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. जे वाचले, पण गुडघ्याने किंवा खुब्याने कायमचे अधू झाले, त्यांची गणती या आकड्यांत नाही.

पाय बरा झाल्यावर मी नवी पँट घ्यायला निघाले. नाना पेठेपासून पिंपरीपर्यंत सात दुकाने पालथी घातली. चार ठिकाणी स्त्रियांच्या मापाचा एकही नग नव्हता. एका ठिकाणी होता, तो गुलाबी पट्ट्यांचा होता आणि मापे घेतल्यावर लक्षात आले की पुरुषांच्या लहान मापाचीच ती पँट होती, फक्त पट्टे वेगळे. एका दुकानात ‘मॅडम, मिस्टरांचं माप सांगा, त्यांच्यासाठी छान माल आलाय,’ असे अगत्याने सांगण्यात आले. दोष एकट्या विक्रेत्यांचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण मागणी दिसत नाही म्हणून माल ठेवत नाही हे त्यांचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीने रास्त आहे. मात्र माल नाही म्हणून आल्या पावली परत गेलेल्या बाईची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, मग मागणी दिसणार कशी? काही भारतीय कंपन्या आता स्त्रियांसाठी वेगळ्या पँट काढू लागल्या आहेत, पण त्या बहुधा ऑनलाइन मागवाव्या लागतात. त्यांच्या मापाच्या तक्त्यात कंबर आणि उंची एवढेच असते. मांडीचा घेर, आसनाची खोली आणि कमरेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतची लांबी ही मापे, ज्यांवर सगळे अवलंबून आहे, मला एकाही तक्त्यात सापडली नाहीत.

अखेर मी तीन पँट मागवून दोन परत केल्या आणि तिसरी घेऊन शनिवार पेठेतल्या एका शिंप्याकडे गेले. ते मुख्यतः कॅनव्हासच्या बॅगा शिवतात आणि त्यांच्याकडे जाड कापडाचे यंत्र आहे. घरगुती यंत्रावर या कापडात सुई मोडते हे मी आधीच अनुभवले होते. त्यांनी पँट उलटी करून टेबलावर पसरली, गार्ड बाहेर काढले, शिलाईच्या मायेवरून, म्हणजे शिवणीत राखून ठेवलेल्या जादा कापडावरून, बोट फिरवले आणि मग काय होईल आणि काय होणार नाही ते सांगितले. मागच्या मधल्या शिवणीतून कंबर दोन इंच आत घेता येते, कारण तिथे माया सोडलेली असते. बाजूच्या शिवणीला हात लावायचा नाही, तिला तीन टिपा आहेत आणि पडल्यावर कापड एकत्र धरून ठेवण्याचे काम त्याच करतात. पाय खालून कापून आखूड केल्याने गुडघ्याचा कप्पा वर येत नाही, हे तर उघड असूनही माझ्या लक्षात आले नव्हते! त्यांनी आतला कप्पा उसवून दीड इंच वर घेतला आणि गार्ड वरखाली करता यावा म्हणून त्याला वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. या कामाचे साडेसहाशे रुपये झाले. पण असा फेरफार केल्यावर मूळ प्रमाणपत्राला फारसा अर्थ उरत नाही, याची मला जाणीव आहे. प्रमाणित पँट अंगाला बसत नाही आणि अंगाला बसणारी पँट प्रमाणित राहत नाही, अशा कात्रीत मी रोज हडपसरला जाते.

आणखी एका अडचणीबद्दल सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहिते. लांबच्या प्रवासात पेट्रोल पंपावरच्या किंवा ढाब्यामागच्या भारतीय पद्धतीच्या स्वच्छतागृहात, ओल्या फरशीवर, गुडघ्यात न वाकणारे गार्ड, जॅकेटला चेनने जोडलेली कंबर आणि आत घातलेला पावसाळी अस्तराचा थर सांभाळत बसणे हा काय प्रकार असतो, याची कल्पना या पँटचा बेत करणाऱ्यांना नसावी. बाजूने कमरेपर्यंत उघडणारी चेन आणि काढता येणारे अस्तर यांनी हा प्रश्न बराच सुटतो. रोज कचेरीत जाणाऱ्या स्त्रियांना सलवारीवरून किंवा साध्या पँटवरून चढवता आणि उतरवता येईल अशी पँट हवी असते, तिलाही तीच लांब चेन लागते.

दुकानदारांना माझी विनंती एवढीच आहे, की स्त्रियांच्या मापाचे दोन-तीन नग निदान घालून पाहण्यापुरते ठेवावेत आणि ग्राहकाला ती पँट घालून दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीवर बसू द्यावे. आरशासमोर उभे राहून ही पँट कळत नाही. गाडीवर बसून, पाय पायटावर ठेवून, गुडघ्याचा गार्ड हाताने धरून डावीउजवीकडे आणि वरखाली ढकलून पाहावा. वाटी उघडी पडेल इतका तो सरकला तर पँट परत करावी, मग ती कितीही महाग असो. उत्पादकांनी मापाच्या तक्त्यात वर सांगितलेली तीन मापे छापावीत आणि गुडघ्याचा कप्पा वरखाली करता येईल असा करावा. पुरुषांच्याही उंच-ठेंगण्या ग्राहकांना त्याचा उपयोगच होईल. हे काम पुण्यात होऊ नये याला काही कारण नाही. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ सालापासून देशात आहे आणि ती आपल्या वेताळ टेकडीवर आहे, दुचाकींचे कारखाने आकुर्डी-चाकणला आहेत, आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून दुचाकीवर फिरणाऱ्या मुली ही तर या शहराची ओळखच आहे. त्या मुलींच्या गाडीचे ब्रेक इथे तपासले जातात. त्यांच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतचे अंतर किती, हे मात्र कोणी मोजत नाही.

तोपर्यंत एक उपाय बिनखर्चाचा आहे. ज्या दुकानात स्त्रियांच्या मापाची पँट मिळते त्यांनी तशी पाटी दारावर लावावी, आणि जिथे मिळत नाही त्यांनीही तसे स्पष्ट लिहावे. पाट्या कशा लिहाव्यात हे पुण्यातल्या दुकानदारांना मी सांगायला नको, आणि ‘बायकांच्या मापाची पँट नाही, चौकशी करू नये’ असे वाचून मला तरी राग येणार नाही. निदान नाना पेठेत गाडी लावायला जागा शोधण्याचे कष्ट वाचतील.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे