काळी शाई पक्की, बाकीच्या तीन पाण्यात: प्रिंटर कंपनीला तक्रार पत्र

कोलवाळ, बार्देश, गोवा
दि. 3 जुलै

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चारही शाया पिगमेंट (पाण्यात न विरघळणाऱ्या) असल्याचं सांगून विकलेला, प्रत्यक्षात तीन शाया डाय (पाण्यात विरघळणाऱ्या) निघालेला इंक टँक प्रिंटर. बदली किंवा पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

कालचा फोन सहावा होता. 41 मिनिटं चालला, त्यातली 26 मिनिटं मी होल्डवर तुमची बासरी ऐकली. फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. तक्रार क्रमांक तुमच्या संगणकावर आहेच, समोर 'समाधानकारकरीत्या निकाली' असा शेराही दिसेल. समाधान कोणाचं झालं ते खाली वाचा.

मी घरी मासेमारीचे रॉड बांधतो. कारखाना नाही, दुकान नाही. पडवीत एक टेबल, संथ फिरणारी एक मोटर आणि दोऱ्याची रिळं. मित्रांना हवे असतात, ते सामानाचे पैसे देतात, मी रॉड बांधून देतो. प्रत्येकाला मुठीच्या वर आपलं नाव आणि आपला मासा हवा असतो. नावाचं अक्षर जेमतेम सहा मिलिमीटर उंच, ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, चौदा मिलिमीटर जाडीचा. एवढ्याशा कामासाठी म्हापशातला फ्लेक्सवाला दारात उभं करत नाही आणि व्हायनलचा स्टिकर जाड पडतो, वरून इपॉक्सी (काचेसारखा घट्ट होणारा पारदर्शक लेप) चढवली तरी कड बोटाला लागते. म्हणून वॉटरस्लाइड डिकॅल: पातळ फिल्म, तिच्यावर प्रिंट, वर लाखेचा फवारा, मग पाण्यात बुडवून सरकवायची. म्हणून घरी प्रिंटर. म्हणून, दुर्दैवाने, तुम्ही.

मी डोळे मिटून खरेदी केलेली नाही. आधी लेझरचा विचार केला. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी, उष्णतेने कागदावर वितळून बसते, पाण्याला दाद देत नाही. पण रंगीत लेझर माझ्या खिशाबाहेरचा. राहिला इंकजेट, आणि इंकजेटमध्ये एकच प्रश्न होता. तो मी 12 मे रोजी तुमच्या संकेतस्थळावरच्या चॅटवर विचारला. जसाच्या तसा देतो: "या मॉडेलमध्ये चारही शाया पिगमेंट आहेत की फक्त काळी? मला प्रिंट पाण्यात बुडवायची आहे." उत्तर आलं: "हो सर, सर्व शाया पिगमेंट आणि वॉटरप्रूफ आहेत. आणखी काही मदत हवी का?" याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. यापूर्वी तीनदा पाठवलाय, चौथ्यांदा सोबत जोडतोय.

14 मे रोजी म्हापशातल्या दुकानातून 15,499 रुपयांना प्रिंटर आणला. आणण्याआधी दुकानात एक पान छापून घेतलं, बोट ओलं करून घासलं. हललं नाही. खूश झालो. पान काळ्या अक्षरांचं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही, ही माझी चूक, ती कबूल. तुमच्या काळ्या शाईबद्दल माझी आजही तक्रार नाही. फारच सज्जन शाई.

डाय आणि पिगमेंटमधला फरक मी तुम्हाला शिकवायला नको. डाय पाण्यात विरघळलेली असते, पिगमेंटचे कण विरघळत नाहीत, कागदावर बसून राहतात. बाटल्या तुम्हीच भरता, लेबलं तुम्हीच लावता. त्यामुळे निळी, किरमिजी आणि पिवळी या तीन बाटल्यांत डाय आहे हे कंपनीत कोणालाच माहीत नव्हतं असं मी मानत नाही. तुमच्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते लिहिलंय. मला ते 21 मे रोजी, भिंग लावून सापडलं.

त्याआधी काय झालं तेही सांगतो, कारण तुमच्या लोकांनी प्रत्येक वेळी सगळं खापर माझ्या हातावर फोडलंय. पहिला डिकॅल शेजारच्या मित्रासाठी. त्याला चणक हवा होता (रायगडकडे याच माशाला जिताडा म्हणतात). पावसाळ्यात तो मानशीच्या (खाडीचं पाणी अडवायच्या दाराच्या) तोंडावर चणकासाठी तासन्‌तास उभा असतो, म्हणून रॉडवर चणकच. ब्लँक काळा कार्बनचा. काळ्यावर पारदर्शक फिल्म लावली तर रंग दिसतच नाही, कारण घरगुती प्रिंटर पांढरा छापत नाही. हे मला ठाऊक आहे, पांढऱ्या शाईची तक्रार मी करत नाहीये. म्हणून पांढऱ्या पाठीची फिल्म घेतली, आणि ती घेतली की माशाच्या कडेला चिकटून कापावं लागतं, नाहीतर पांढरी किनार दिसते. लाखेचे तीन पातळ हात दिले, मध्ये मध्ये वाळू दिलं, रात्रभर ठेवलं. मे महिना होता, पाऊस नव्हता, त्यामुळे दमट हवेचं कारण कृपा करून पुढे करू नका. सकाळी कात्रीने कापलं, पाण्यात चाळीस सेकंद.

लाख वरून होती, पण कापलेल्या कडेला लाख कुठून असणार? पाणी कडेने आत शिरलं. काळी शाई जिथल्या तिथे: डोळा, कल्ला, खवल्याची रेघ न् रेघ. आतला पिवळा आणि निळा मात्र शेपटीतून बाहेर पडून वाटीतल्या पाण्यात. पाठीला गुलाबी कड आली. मित्राने हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "हें कितें मरे, नुस्तें कुसलां?" मासा सडलाय का, असं विचारत होता. मी म्हटलं, नाही, वॉटरप्रूफ आहे.

दुसऱ्या वेळी कापल्यावर कडेलाही लाख लावली. रात्री ट्यूबलाइटखाली झकास दिसलं म्हणून इपॉक्सी चढवली, लेप ओघळू नये म्हणून रॉड फिरवत ठेवणारी मोटर लावून झोपलो. सकाळी उन्हात तीच गुलाबी कड, आता मात्र काचेसारख्या थराखाली कायमची. ती इपॉक्सी ब्लेडने खरवडताना ब्लँकवर चरा पडला. कार्बनचा ब्लँक चरा पडला तिथे मोडू शकतो, आणि ते मासा ओढतानाच कळतं, तेव्हा तो रॉड मी कोणाला देणार नाही. असे दोन ब्लँक गेले. डिकॅलची सहा पानं गेली, पान दीडशेच्या घरातलं.

19 मे रोजी, म्हणजे प्रिंटर घरात येऊन पाचवा दिवस, पहिली तक्रार नोंदवली. सात दिवसांत बदलून मिळतो असं बिलावर छापलंय. तुमचं उत्तर 23 मे रोजी आलं: बदलीची मुदत संपली आहे. उत्तराला चार दिवस तुम्ही लावायचे आणि ते माझ्या खात्यात मोजायचे, हा हिशोब कोणत्या शाळेत शिकवतात?

पुढचे फोन थोडक्यात. दुसऱ्या फोनला हेड क्लीनिंग करा म्हणाले. केलं. तिसऱ्याला पुन्हा करा. चौथ्याला 'डीप' करा. शाई पाण्यात पळतेय आणि माणूस नोझल धुवायला सांगतोय! प्रत्येक धुण्यात शाई खालच्या स्पंजात जाते, तो स्पंज भरला की मशीन अडून बसतं आणि तो बदलायचे पैसे वेगळे, हेही तुम्हाला माहीत आहेच. टाक्या एक चतुर्थांश उतरल्या. पाचव्या फोनला कोणी उचललंच नाही.

आता काल.

मराठीसाठी चार दाबलं. बासरी. मग एक तरुण आवाज, अतिशय नम्र. नम्रपणाबद्दल तक्रार नाही, नम्रपणानेच माझा घात केला. संभाषण आठवतं तसं लिहितो, आणि मला ते सगळं आठवतं.

"सर, प्रिंट कशावर काढली?"

"डिकॅल पेपरवर."

"तो काय असतो, सर?"

मी सांगितलं. शांतपणे, पाचव्यांदा. फिल्म, डिंकाचा थर, पाणी, सरकवणं. पलीकडे थोडा वेळ शांतता, टाइप केल्याचा आवाज.

"म्हणजे सर, आपण कागद पाण्यात घातला?"

"हो. तो पाण्यात घालण्यासाठीच असतो."

"सर, कागद पाण्यात घातला तर ओला होणारच ना."

मी काही बोललो नाही. माझ्या आजीने मला हे वाक्य वयाच्या तिसऱ्या वर्षी ऐकवलं असेल, त्यानंतर तुमच्या कंपनीनेच. मी चॅटचं वाक्य वाचून दाखवलं: सर्व शाया पिगमेंट आणि वॉटरप्रूफ. तो म्हणाला, "ते वेगळं डिपार्टमेंट आहे, सर." मग विचारलं, "आपण हे कशासाठी वापरता?" मी म्हटलं, मासेमारीच्या रॉडसाठी. परत टाइप केल्याचा आवाज. आणि मग हा प्रश्न:

"सर, रॉड प्रिंटरच्या आत घातला होता का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, काय? त्याने आणखी सावकाश, आजारी माणसाशी बोलावं तसं सांगितलं: "रॉड किंवा इतर वस्तू पेपर ट्रेमध्ये घातल्यास वॉरंटी लागू होत नाही, सर." स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, कारण मी उभा राहिलो होतो आणि मला ते कळलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, तिनेही ऐकलं. ती हसली. गेले सहा आठवडे ती माझ्या बाजूने होती, काल फितूर झाली.

मी सांगितलं, रॉड आत घातलेला नाही. तेव्हा त्याने वरिष्ठांना विचारलं (बासरी, नऊ मिनिटं) आणि परत येऊन निकाल दिला: मासेमारी हा व्यवसाय आहे, म्हणून हा व्यावसायिक वापर, म्हणून घरगुती वॉरंटी नाही. शिवाय डिकॅल पेपर आमच्या कंपनीचा नाही. तुम्ही आमचा फोटो पेपर वापरून बघा. फोटो पेपर. पाण्यात बुडवायला.

फोन ठेवून दोन मिनिटं झाली नसतील, संदेश आला: तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, 5 पैकी गुण द्या. शून्याचं बटण तुम्ही ठेवलेलं नाही. हुशार आहात.

व्यावसायिक वापराचं उत्तर इथेच देतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार, पोटापुरत्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तूसुद्धा व्यावसायिक धरली जात नाही, मग माझा छंद तर लांबच राहिला. त्याच कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे उत्तर गोव्याच्या ग्राहक आयोगाकडे, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. तुमच्या मुख्यालयापर्यंत यायची मला गरज नाही, तुम्हाला मात्र इकडे यावं लागेल. पावसात कोकण रेल्वे उशिरा धावते, तेवढं लक्षात ठेवून निघा.

खरं सांगायचं तर मला आयोगात जायची हौस नाही. आमच्या घरात पहिला प्रिंटर तुमचाच होता. वडील त्यावर देवळाच्या उत्सवाच्या पावत्या छापायचे, कितीतरी वर्षं चालला, शेवटी मीच जिन्यावरून पाडला. म्हणून दुकानात दुसऱ्या कंपनीचं मशीन दाखवलं तेव्हा मी ऐकलं नाही. तिकडे चारही शाया पिगमेंट होत्या, दुकानदाराने तसं स्पष्ट सांगितलंही. मी त्याला म्हटलं, आपल्या लोकांवर विश्वास आहे. 'आपल्या' म्हणालो, हे आठवलं की आज लाज वाटते.

मागणी साधी आहे. चारही शाया पिगमेंट असलेलं मॉडेल तुम्हीही विकता, मी पाहिलंय. ते द्या, किमतीतला फरक मी भरतो. ते जमत नसेल तर 15,499 रुपये परत करा आणि हे मशीन घेऊन जा. दोन ब्लँक आणि सहा पानांचे पैसे वेगळे मागत नाही, अजून. चॅटवर "सर्व शाया पिगमेंट" असं लिहिणारा माणूस कोणत्या डिपार्टमेंटचा होता, तेवढं मात्र लेखी कळवा, कारण ते वाक्य नसतं तर मी हा प्रिंटर घेतलाच नसता. पंधरा दिवस वाट बघेन. उत्तर टपालाने किंवा ईमेलने पाठवा, फोन करू नका. फोन केलात आणि बासरी वाजली तर मी उचलणार नाही.

सोबत: बिल, चॅटचा स्क्रीनशॉट (चौथ्यांदा), माहितीपत्रकाचं शेवटचं पान (मोठं करून), गुलाबी कड आलेल्या चणकाचा फोटो.

तुमचा, आत्तापर्यंतचा, ग्राहक

ता. क. तुमच्या प्रतिनिधीच्या प्रश्नाचं लेखी उत्तर नोंदीसाठी: रॉड सात फुटांचा आहे आणि तुमच्या प्रिंटरचं तोंड ए-फोर.