बाबा, उपास तुमचा आणि गोळी दादाची

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम जय ख्रिस्त.

फोनवर बोलून पाहिलं, जमलं नाही. बाबांना ऐकू येत नाही, आई मधेच रडायला लागते आणि दादा बाजूलाच बसलेला असतो. म्हणून पत्र. आई, दादा वावरात गेला की हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. आपल्या दोघींत बोलल्यासारखं जे आहे तेही वाच, त्यांना काय सगळं कळतंच.

मंगळवारी बाबा मोरीजवळ बसकण मारून पडले, तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरने साखर मोजली ती 54. सत्तरच्या खाली आकडा दिसला की आम्ही वॉर्डात हातातलं काम टाकून धावतो. शुद्ध होती म्हणून साखरपाणी पाजता आलं. दादा बरा व्हावा म्हणून तीन दिवस अन्नाचा कण नाही, आणि साखरेची गोळी मात्र सकाळी वेळेवर! विचारलं तर म्हणे, "उपास जेवणाचा असते, औषधाचा नाई." अहो बाबा, तुमची ती गोळी पोटात जेवण येणार हे धरूनच साखर उतरवते. जेवण आलं नाही तरी ती थांबत नाही, उतरवतच राहते.

आणि त्याच तीन दिवसांत दादाची रात्रीची, मनाच्या आजाराची गोळी बंद. जी थांबवायची ती चालू ठेवली, जी चालू ठेवायची ती थांबवली. मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग ड्यूटीरूममध्ये जाऊन रडले.

ते बाहेरून आलेले प्रचारक काय बोलले ते आईने सांगितलं. "आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही", म्हणून गोळ्या म्हणजे अविश्वास. वचन खरं आहे, इफिसकरांच्या पत्रातलं. पण दादा तर रक्तमांसाचाच आहे ना? रात्र रात्र झोपत नाही, पऱ्हाटीत कुणी बोलतंय म्हणतो, जेवायला बसला की ताटाकडे नुसतं बघतो. गोळी सुरू झाल्यावर दिवाळीत त्याने स्वतःहून बैलांना पाणी दाखवलं होतं, हे तुम्हीच मला फोन करून सांगितलंत. ते कोण करत होतं मग, सैतान?

रागावू नका. दुष्टात्मा नसतोच असं मी म्हणत नाही. मी इतकी शहाणी नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातली, दुष्टात्मा लागलेल्या पोराची ती गोष्ट आपल्या घरी किती वेळा वाचली गेली. तोंडाला फेस, दात खाणं, अंग ताठ होणं, विस्तवात नि पाण्यात पडणं. मी नर्स झाल्यापासून ती वाचताना मला वॉर्ड दिसतो. मत्तय तर त्या पोराला फेफरेकरीच म्हणतो. शिष्यांना तो दुष्टात्मा काढायला जमलं नाही आणि येशू म्हणाला, दुष्टात्म्याची ही जात प्रार्थनेशिवाय निघत नाही. "आणि उपासाशिवाय" हे पुढचे शब्द चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत, असं आमच्या बायबल अभ्यासात पाळकसाहेबांनी सांगितलं. पुढे नक्कल करणाऱ्यांनी घातले असावेत. म्हणजे उपास खोटा असं नाही. प्रभूने स्वतः रानात चाळीस दिवस केला. पण त्या एका ओळीवर दादाला उपाशी ठेवावं इतका तिच्यात जोर नाही. आणि पुन्हा एकदा वाचून बघा: त्या सगळ्या गोष्टीत पोराला उपास करायला कुणीही सांगत नाही. बापालाही नाही. बाप फक्त त्याला घेऊन येतो आणि म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. बाबा, तुम्ही मागच्या महिन्यात दादाला पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंत, तेव्हा तुम्ही तेच करत होता.

माझं एक सांगायचं राहिलं आहे. 2021 मध्ये, फेब्रुवारीपासून आपल्या अमरावती-यवतमाळकडे कोरोना पुन्हा उसळला तेव्हा, मला प्रार्थना येईनाशी झाली. तुम्ही फोनवर विचारायचात, "प्रार्थना करते ना बेटा?" मी हो म्हणायचे. साफ खोटं. रात्री पलंगावर बसून फक्त "प्रभू" म्हणायचे, त्याच्या पुढे शब्दच नाही. वर कुणी आहे असंच वाटेना. दीड वर्ष असं गेलं. ते मात्र मी आत्म्याचं झगडणं म्हणेन. मला झोप येत होती, भूक लागत होती, कामात चूक होत नव्हती. नुसतं आत सगळं कोरडं, वैशाखातल्या विहिरीसारखं.

तेव्हा उपास धरला तो काही मोठा विचार करून नाही. बुधवारी दुपारचा डबा कुणाला तरी द्यायचा, एवढंच. पहिल्या बुधवारी वऱ्हांड्यात एक म्हातारी बसली होती, नातू आत ॲडमिट. डबा पुढे केला तर तिने उघडला, पोळी मोडली आणि हात थांबवून म्हणाली, "तू जेवली का वं माय?" मी म्हटलं, जेवले. (उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दिसू देऊ नका असं प्रभू म्हणतो, खोटं बोला असं म्हणत नाही, ते माझं.) त्या दुपारी पोटात भूक होती आणि दीड वर्षात पहिल्यांदा "प्रभू"च्या पुढे दोन शब्द आले. तिच्या नातवासाठी. स्वतःसाठी अजून नाहीच.

यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय तुम्हीच मला पाठ करायला लावला होता, चौथीत, गोष्ट सांगून: लोक उपास करतात आणि त्याच दिवशी मजुरांना राबवतात, देव म्हणतो मला हा उपास नको, आपली भाकर भुकेल्याला वाटून दे. मग मला भीती वाटते ती याची, बाबा, की आपण उपासाचं धरणं केलं. देवाच्या दारात बसलो: पोरगा बरा कर, नाहीतर उठणार नाही. दाविदाने मुलासाठी अन्न सोडलं, जमिनीवर पडून राहिला, आणि सातव्या दिवशी मूल गेलं. मग तो उठला, आंघोळ केली, परमेश्वराच्या घरात गेला आणि घरी येऊन जेवला. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आता वॉर्डात किती आयांना पहिला घास घेताना पाहिलंय.

तर माझं म्हणणं असं. शुक्रवारचा उपास माझ्याकडे द्या. मला साखर नाही, मला जमतो. तुम्ही सकाळी भाकर-भाजी खाऊनच गोळी घ्यायची. काही सोडायचंच असेल तर दानिएलासारखं सोडा. त्याने तीन आठवडे मांस, मद्य आणि चविष्ट अन्न सोडलं होतं, जेवण नाही. तुम्ही खर्रा सोडा, एकवीस दिवस. (आई, हे जरा हळू वाच आणि त्यांच्या खिशाकडे बघ.) दादाची गोळी आज रात्रीपासून पुन्हा, पण मधे किती दिवस चुकली ते आधी त्याच्या डॉक्टरांना फोनवर सांगा, ते म्हणतील तशी. रात्री-बेरात्री तो घाबरला तर 14416 वर फोन लावा, टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. विहिरीकडे एकटा जाऊ देऊ नका. आणि ते प्रचारक पुन्हा आले तर चहा द्या, प्रार्थनाही करू द्या, गोळ्यांचा डबा मात्र आईच्या ट्रंकेत.

दादाला एकदा विचारा, त्याला कोणती प्रार्थना हवी आहे. सगळे त्याच्यावर हात ठेवतात, विचारत कुणी नाही. मीही नाही विचारलं.

रजा मिळाली आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीने निघेन, दिवेलागणीपर्यंत पोचते. उपास तिथेच सोडेन. आई, ज्वारीच्या चार भाकरी जास्त टाक, आणि ठेचा दादाला कुटायला सांग, तो चांगला कुटतो.

तुमची लेक